घरामागे एक फुंक

दम्याचा माणूस मला पाठमोरा असला तरी ओळखू येतो. खांदे कानांकडे चढलेले, मान आत गेलेली, दोन्ही हात कशावर तरी टेकवलेले. माझे वडील असेच बसायचे. चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत त्यांची नोकरी होती. कामावरून आले की खाटेच्या काठावर, गुडघ्यांवर तळवे रोवून, ते नुसता श्वास घेण्याचं काम करायचे. औषध होतं, पण जरा बरं वाटलं की ते बंद व्हायचं. आई मागे लागली की म्हणायचे, "आता बरा हावो ना मी, मंग काऊन घेऊ?" अशाच एका बऱ्या महिन्यात ते गेले. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. 'बरं वाटलं म्हणून औषध सोडलं' हे वाक्य कानावर पडलं की तेव्हापासून माझं डोकं फिरतं, आणि समोरचा कितीही वयाचा असो, मी त्याला झापते. आमच्या रुग्णालयात याला 'सिस्टरचा डोस' म्हणतात.

हे रुग्णालय गडचिरोलीच्या दक्षिणेला, जंगलात आहे. भामरागडचा रस्ता आमच्यापासून पुढे जातो आणि पावसाळ्यात मध्येच पाण्याखाली जातो. मी इथे आले तेव्हा आमच्याकडे दम्यावर एकच उपचार होता. माणूस गुदमरत यायचा, कोणी खाटेवर, कोणी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला. आम्ही मशीनची वाफ द्यायचो, सुई द्यायचो, दुसऱ्या दिवशी तो चालत घरी जायचा. महिन्याभरानं पुन्हा यायचा. एखादा यायचा नाही, आणि का आला नाही ते पुढच्या बाजाराच्या दिवशी कळायचं.

मग दम्याचा कार्यक्रम आला आणि त्याची जबाबदारी मी मागून घेतली. त्यात सगळं बांधून दिलेलं होतं. दम्याच्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवायची, त्याला औषधाचा पंप तोंडानं ओढायला शिकवायचं. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, त्रास असो वा नसो. निळा फक्त अडीअडचणीला. महिन्यातून एकदा गावात जाऊन तपासणी, आणि सलग तीन महिने सगळं ठीक असेल तर तपकिरी पंपाचा डोस एक पायरी खाली. पुढचं वाचून कोणी या कार्यक्रमाला नावं ठेवू नयेत म्हणून आधीच सांगते, तो चांगला आहे. पहिल्याच वर्षी आमच्या वॉर्डातली वाफेची मशीन दिवस-दिवस झाकून ठेवलेली राहायला लागली. ज्यांना मी नेहमी खाटेवर आडवं पाहिलं होतं ते लोक बाजारात सामान घेऊन चालताना दिसायचे आणि मला पाहून पंप दाखवायचे. माझ्या वडिलांच्या वेळी हे असतं तर, असं मनात यायचं. मग मी आणखी कडक व्हायचे.

कार्यक्रमाचा सगळा भार होता फुंकमीटरवर आणि कार्डावर. फुंकमीटर म्हणजे वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, फुंकलं की तिच्यावरचा काटा पुढे सरकतो. प्रत्येकाच्या चांगल्या दिवसाची फुंक पाहून मी त्याच्या मीटरवर तीन रंगांच्या पट्ट्या चिकटवायचे. काटा हिरव्यात गेला तर काळजी नाही. पिवळ्यात थांबला तर पंप वाढवायचा. लालमध्येच राहिला तर घरी देऊन ठेवलेली पुडी फोडून तिच्यातल्या गोळ्या लगेच सुरू करायच्या आणि गावातल्या आशाताईला सांगायचं. आशाताई टेकडीवर चढून, जिथे मोबाइलला रेंज येते तिथून मला फोन करायची. रोज सकाळी एकदा फुंकायचं आणि काटा थांबेल त्या रंगाच्या पेन्सिलीनं कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात खूण करायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमावं म्हणून कार्डावर फुंकेचे आकडे नव्हतेच, नुसते रंग.

ज्या गावाबद्दल लिहिते आहे ते नदीपलीकडचं, माडिया लोकांचं, लहानसं. तिथे मी कार्डं वाटली ती गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोरच्या, मोकळ्या जागेत. त्या दिवशी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ज्या घरात दमा आहे, त्या घराला एक मीटर आणि एक कार्ड. रोज सकाळी फुंक पडलीच पाहिजे. एकही चौकोन रिकामा दिसला तर माझ्याशी गाठ आहे." आशाताईनं ते माडियात सांगितलं. माझे हातवारे पाहून लोक हसले. कार्डावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात, घर क्रमांक छापलेला होता. माणसाचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात.

पहिल्या रांगेत ती होती. साठीच्या आसपासची, बारीक, दंडांवर गोंदण. तिला मराठी मोजकं यायचं, मला माडिया मोजकं. ती मला बाई म्हणायची आणि मी तिला बाई म्हणायचे. तिची सून आश्रमशाळेत शिकलेली होती. ती मला सिस्टर म्हणायची आणि आम्हा दोघींच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडे पोचवायची. मुलगा धानाचं काम आटोपलं की तेलंगणात मिरची तोडायला जायचा. घरात आणखी एक लहान नात होती, बस.

पंप कसा ओढायचा ते मी दाखवलं तेव्हा बाईनं तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि सुनेला काहीतरी विचारलं. सून हसायला लागली.

"सिस्टर, ते विचारते, याच्यात कुठचा वारा भरला हाये? चंद्रपूरचा असन तं नको म्हनते. तिथी लय धूर हाये म्हनते."

मी चंद्रपूरची आहे हे तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. मीही हसले. ती मला त्या दिवसापासून आवडली, आणि माझं आवडणं म्हणजे तिला इतरांपेक्षा दोन शब्द जास्त बोलणं. पंप चुकीचा ओढला की मी तिच्या गुडघ्यावर चापट मारायचे. ती माझ्या गुडघ्यावर परत मारायची.

तिला काय हवं होतं ते तिनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. दोन वर्षं ती मोहफूल वेचायला जाऊ शकली नव्हती. जंगलात त्यांच्या घराची मोहाची झाडं होती, तिच्या सासूपासून चालत आलेली, आणि एवढ्याशा चढाला तिचा दम लागायचा. तिला पुन्हा त्या झाडांखाली जायचं होतं. बाकी दम्याचं काही का होईना. मी म्हणाले, रोज पंप घे, रोज फुंक, मी तुला झाडाखाली पोचवते. हे मी कबूल केलं होतं.

हिवाळ्यात त्याच गावातल्या एका माणसाच्या कार्डावर लाल खूण पडली. त्याच्या बायकोनं पुडी फोडली, आशाताई टेकडीवर चढली, आणि मी गाडी काढायला लावून दुपारच्या आत गावात हजर. पोचले तेव्हा तो माणूस अंगणात बसून पेज पीत होता. गोळ्यांनी आपलं काम केलं होतं, माझी काही गरजच नव्हती. पण सगळा गाव जमला होता. लाल खूण केली आणि सिस्टर आली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ती बाईसुद्धा गर्दीत होती. जाताना तिनं माझा हात धरून माझ्या अंगावरची रस्त्याची धूळ झटकली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मार्चमध्ये ती मोहाला गेली. तपासणीच्या दिवशी सून म्हणाली, "पहाटेच टोपली घेऊन निंगते, सिस्टर. आमच्याआधी." बाई शेजारी उभी राहून ऐटीत हसत होती. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि त्या दिवसांत सगळ्या जंगलात धूर कोंडलेला असतो. मी तिला धुरात उभी राहू नकोस म्हणून दम भरला. कार्ड पाहिलं. सगळं हिरवं. मी तिचं कार्ड वर धरून बाकीच्यांना दाखवलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

काही खुणा गोल, गच्च भरलेल्या होत्या. काही नुसत्या आडव्या रेघा होत्या. ते मला दिसलं होतं. नातीच्या हातात पेन्सिली लागत असतील, असं समजून मी हसून सोडून दिलं.

मे महिन्यात मी गेले तेव्हा तेंदूपत्त्याचे दिवस होते. बाई पानं तोडून तशीच आली आणि माझ्यासमोर खाटेवर बसली. तिचे खांदे वर चढलेले होते. हात गुडघ्यांवर टेकवलेले होते. वाक्य अर्ध्यात तोडून ती श्वास घेत होती. मी ते पाहिलं. जन्मभर पाहत आलेली गोष्ट मी पुन्हा एकदा पाहिली, आणि मग कार्ड हातात घेतलं. तीन महिने हिरवे. एक चौकोन पिवळा नाही. मी तिला फुंकायला सांगितलं. काटा पिवळ्याच्या काठाशी थांबला. उन्हातून चालून आली आहे, असं म्हणून मी पुन्हा फुंकायला लावलं. तिसऱ्या वेळी काटा हिरव्याला टेकला. तीन फुंकांतली चांगली ती धरायची असा नियमच आहे. मी ती धरली.

आमचे डॉक्टर तरुण आहेत. संध्याकाळी त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "सिस्टर, पावसाळ्याच्या तोंडावर डोस कमी करायचा का?" मी म्हणाले, "सर, नियम तीन महिन्यांचा आहे. आणि हिचं कार्ड तर आपल्या सगळ्यांत चांगलं आहे." त्यांनी सही केली. तिचा तपकिरी पंप निम्म्यावर आला. रस्ता बंद व्हायच्या आत मी सगळ्या गावाला पावसाळ्याचे पंप आणि पुड्या पोचवल्या आणि निश्चिंत झाले.

जुलैमध्ये नदी चढली आणि उतरेना. अशाच एका दिवशी दुपारी आशाताईचा फोन आला. आवाज तुटत होता. बाई सकाळी गेली होती. मुलानं आणि शेजाऱ्यांनी तिला खाटेवर घेतलं होतं, नदीपर्यंत आणलं होतं. नदी काठ सोडून वाहत होती. डोंगा घालणं शक्यच नव्हतं. ते काठावर खाट ठेवून बसले. ती तिथेच गेली.

मी पहिला प्रश्न विचारला तो हा: "कार्डावर लाल होतं का?"

"नाई सिस्टर," आशाताई म्हणाली. "हिरवंच हाये."

मी डॉक्टरांना सांगितलं की हृदयाचं काही असेल. पुढचे कितीतरी दिवस मी हेच सांगत होते. औषधाच्या खिडकीतल्या भाऊंना, गाडीच्या ड्रायव्हरला, कोणी विचारलं नसतानाही. दमा तर आटोक्यात होता तिचा, हृदयच असणार. माझ्या आवाजात थोडा राग असायचा, जणू तिनं माझा शब्द मोडला होता.

पाणी उतरल्यावर मी गेले. नदीपर्यंत गाडी, मग डोंगा, मग चिखलातून पायी. सुनेनं अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. मी बोलायचं ते बोलले, ती ऐकून घेत होती. मुलगा बांधावर गेला होता. मग सवयीनं मी तिला मीटर, पंप आणि कार्ड आणायला सांगितलं. माणूस गेला की या वस्तू परत जमा करायच्या असतात.

तिनं आढ्याला टांगलेली पिशवी काढून आणली. पुडी तशीच होती, पिनसुद्धा निघालेली नव्हती. मी कार्ड उघडलं आणि बोट चौकोनांवरून सरकवत ती गेली त्या दिवसापर्यंत नेलं. हिरवं होतं. दुसऱ्या दिवशीही हिरवं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. माझं बोट पुढे जात राहिलं आणि हिरवा रंग संपेना. तिला जाऊन दोन आठवडे झाले होते. मी तिथे पोचले त्या सकाळच्या चौकोनातसुद्धा ताजी हिरवी रेघ होती.

मी भडकले. "हे काय आहे? ती गेल्यावर कोणी फुंकलं हे?"

सून घाबरली. "मीनं."

"काऊन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला साधी गोष्ट कशी कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"घरामागे एक फुंक हाये ना, सिस्टर? सासू गेली, पन घर तं हाये. तुमी आल्याबिगर कसं बंद करू?" मग तिनं विचारलं, "आता बंद करू का?"

त्या गावात सगळी मोठी कामं घरामागे एक माणूस अशी होतात. उन्हाळ्याआधी आग पसरू नये म्हणून जंगलातल्या वाटेवरचा पाला झाडायचा असतो, बांध घालायचा असतो, गोटुलाचं छप्पर शाकारायचं असतं. प्रत्येक घरातून एक जण जातो. कोण जायचं ते घर ठरवतं. म्हातारा अंथरुणावर असेल तर सून जाते, सून बाळंतीण असेल तर दीर जातो. हजेरी घराची लागते, आणि घर चुकलं असं होत नाही. यात कोणी कोणाला फसवत नाही. ज्याच्या अंगात बळ नाही त्याला त्या दिवशी सांभाळून घ्यायचं, एवढाच त्या हजेरीचा अर्थ आहे. मी हे बघत आले होते, कौतुकानं इतरांना सांगतही आले होते. आणि त्याच लोकांसमोर, त्याच गोटुलापाशी उभी राहून मी म्हणाले होते की घराला एक मीटर, घराला एक कार्ड, फुंक चुकता कामा नये.

बाईला उठवत असेल त्या सकाळी बाई फुंकायची. तिला उठवत नसेल त्या सकाळी सून फुंकायची. पट्ट्या म्हातारीच्या फुंकेवरून लावलेल्या होत्या. पंचविशीतल्या धडधाकट सुनेच्या फुंकेनं काटा हिरव्यात जाऊनही पुढे पळायचा. गोल खुणा सासूच्या होत्या. आडव्या रेघा सुनेच्या.

मी त्या अंगणात बसून रेघा मोजल्या. आधी एकही नाही. मोहाच्या दिवसांत मधूनमधून. मे महिन्यात निम्म्याहून जास्त. पावसात तर सगळ्या रेघाच, गोल खूण शोधावी लागत होती. तिचा सगळा आजार त्या कार्डावर रोजच्या रोज लिहिलेला होता. मी फक्त रंग वाचला होता.

मी सुनेला काय सांगितलं? तिच्याकडून चूक झाली असं सांगितलं नाही. एवढं म्हणाले की आता फुंकायचं नाही. ती हो म्हणाली आणि पेन्सिली माझ्या पिशवीत ठेवल्या. नातीला एखादी द्यावी हेही मला सुचलं नाही.

परत येऊन मी डॉक्टरांसमोर कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, ओरडावं असंही वाटत होतं. त्यांनी कार्डावर बोट सरकवत सगळ्या रेघा पाहिल्या. मग म्हणाले, "सिस्टर, सही माझी आहे." त्यानंतर आम्ही दोघं तिच्याबद्दल कधी बोललो नाही. पण कोणाचाही डोस कमी करायचा असला की ते स्वतः गावात येतात आणि रुग्णाच्या समोर बसून नुसतं त्याच्या श्वासाकडे बघतात. कितीही वेळ लागला तरी मी घड्याळ पाहत नाही.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी आढावा बैठक होती. भिंतीवर आमचे तक्ते पडले. दवाखान्यात भरती होणारे कमी झाले होते, ते खरं होतं. आमच्या गावांचा तक्ता सगळ्यांत हिरवा होता. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी कार्यक्रमाचं कौतुक केलं आणि मग त्या कार्डाची गोष्ट सांगितली. एका साहेबांनी विचारलं, अशी आणखी किती कार्डं असतील? मला माहीत नव्हतं. मी घरोघरी फिरले. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांत कार्ड ज्याचं त्याचंच होतं, सुनेनं सासूच्या मीटरला हातही लावलेला नव्हता. बाजाराच्या गावांतही तसंच. नदीपलीकडे मात्र घरामागे घर तेच निघालं. एका ठिकाणी तर नवऱ्याचा दमा आणि फुंक बायकोची, पहिल्या दिवसापासून. तो माणूस वाचला, कारण आम्ही त्याला त्याच दिवशी गाडीत घालून आणलं. त्याला माहीतही नाही की कोणाच्या जागी तो जगला.

आता कार्डावर फोटो असतो. घर क्रमांक नाही. गावात गेले की मी कार्ड शेवटी मागते. आधी विचारते, झोप लागते का, चढ चढवतो का, वाक्य पुरं होतं का. पिवळी खूण दाखवणाऱ्याला शाबासकी देते. लोकांना वाटतं सिस्टरला वय झाल्यानं मऊपणा आला. कार्यक्रम आता पहिल्यापेक्षा चांगला चालतो, हे मी कोणापुढेही सांगेन. तिला त्याचा काही उपयोग नाही.

ती मला दिसते. तोंड कधी दिसत नाही, पाठमोरीच असते. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तसेच चढलेले खांदे गर्दीत पुढे जाताना दिसले आणि मी बहिणीचा हात सोडून त्यांच्या मागे लागले. वैनगंगेच्या वाळूपर्यंत गेले. ती बाई वळली तेव्हा कोणी दुसरीच होती, पाठीवर पोर घेतलेली, आणि मला विचारत होती, काय पाहिजे? पत्र्यावरचा पाऊस थांबला की माझ्या कानात बारीक शीळ येत राहते. नर्स आहे, मला कळतं की ती बाहेर कुठे नसते. तरी मी उठून वॉर्डात एक फेरी मारून येते.

सुनेकडे मी दर महिन्याला जाते. जायलाच हवं असं काही नाही, त्या घरात आता दम्याचं कोणी नाही. ती मला कधी टाळत नाही. गावातल्या बाकीच्यांना पंप ओढायला तीच शिकवते आता, आणि चुकलं की गुडघ्यावर चापट मारते.

यंदा मोहाच्या दिवसांत मी आदल्या दिवशीच गावात मुक्कामाला होते. पहाटे ती टोपली घेऊन निघाली, तेव्हा मीही तिच्यासोबत गेले. त्यांनी पाला पेटवला नव्हता, झाडून बाजूला केला होता. ओलसर फुलं जमिनीवर पडलेली होती, आणखी पडत होती. आम्ही दोघी वाकून वेचत होतो. माझी कंबर धरली म्हणून मी बसले. ती वेचता वेचताच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"सिस्टर, एक सांगाचं राह्यलं. शेवटच्या दिवशी सकाळी मी नाई फुंकली. आधी तिनंच फुंकलं."

ती वेचतच होती.

"लय दिवसानं मीटर मांगितलं. मले वाटलं, बरं वाटून राह्यलं असन. फुंकलं तं काटा हललाच नाई. लालमधीच राह्यला. मीनं लाल पेन्सिल घेतली, तं तिनं माहा हात धरला. म्हने, लाल नको देऊ. लाल देलं का आशा टेकडीवर चढते, आन् सिस्टर निंगते. नदी भरून हाये, म्हने, ते बाई बुडन. तू फुंक."

तिनं टोपलीत मूठभर फुलं टाकली.

"मंग मीनं फुंकली."

ती पुढच्या झाडाकडे सरकली. मी तिथेच बसून राहिले. त्या सकाळी मी कुठे होते ते मला चांगलं आठवतं. मी क्वार्टरच्या दारात चहा घेऊन उभी होते. रस्ता बंद झाल्याचा निरोप येऊन गेला होता, आणि आज कुठे जावं लागणार नाही म्हणून मला हायसं वाटलं होतं. लाल खुणेचा फोन आला असता तर मी फोनवरच म्हणाले असते, पुडी फोडा, गोळ्या द्या. तेवढंच करायचं होतं. मी निघाले नसते. हे मी तिच्या सुनेला अजून सांगितलेलं नाही.